पुंजा, तू घेत नव्हतास

तमाम गावकरी मंडळी, आप्तेष्ट, भाजीपाला उत्पादक आणि हॉटेलात एका चहावर तीन पेपर वाचणारे सर्व मान्यवर यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, साखरखेर्डा येथील श्री. पुंजाजी यांचा झोपलेला बीपी आणि उभा बीपी अखेर सारखा झाला असून यापुढे तो कोणत्याही स्थितीत घसरणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.

पुंजा, हे मी काल दुकानात माइक हातात धरून म्हणून पाहिलं. शटर अर्धं खाली, कर्ण्याची वायर काढलेली, ऐकायला फक्त गुंडाळलेल्या सतरंज्या. चांगलं जमलं होतं. शेवटी सवयीनं थांबलो, तू मागून काहीतरी टाकशील म्हणून. तू म्हणाला असतास, "दिग्या, मेलेल्या मानसाले तरी सोड बे." मी माइक ठेवला आणि खुर्च्या पुसत बसलो. एकही खुर्ची मळलेली नव्हती.

नऊ दिवस झाले तुला जाऊन. चार दिवसांचा ताप आणि संपलं. त्याबद्दल मी लिहीत नाही. तुझ्या फोटोखाली लोकांनी लिहायचं ते लिहिलंय. कष्टाळू, मितभाषी, मनमिळाऊ. मनमिळाऊ म्हणे. माझ्या मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्यात मी पंचवीस वर्षं माइकवरून गावाला गोष्टी सांगितल्या, आणि तू पंचवीस वर्षं पहिल्या रांगेत बसून त्या गोष्टी मोडल्यास. लग्नाच्या मांडवात साप निघाला होता, आठवतं? मी तो सांगता सांगता बांबूएवढा केला होता. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. आणि तू उठून म्हणालास, "हातभर होता. धामन होती." बसलास. माझा साप तिथंच मेला.

आपलं हे भांडण शाळेपासूनचं. तुझं म्हणणं, जसं झालं तसं सांगावं. माझं म्हणणं, जसं झालं तसं सांगितलं तर ऐकतं कोण. तू वांगी-टोमॅटो पिकवणारा माणूस. कॅरेटमध्ये वरच्या थराला चांगला माल आणि खाली बारका, असं तू कधी केलं नाहीस. गोष्टीतही तुला तोच हिशेब हवा होता. भांडण मिटलं नाही. आता तू निघून गेल्यावर मी जिंकलो असं म्हणायला पाहिजे, पण तिसऱ्या दिवशी तुझी रेखा माझ्याजवळ येऊन बसली.

सुलतानपूरहून आल्यापासून पोरगी रडली नव्हती. लेकराला मांडीवर थोपटत म्हणाली, "काका, बाबा नेहमी सांगत, दिगूकाका नसता तं तुहं लगन जमलं नसतं." मी मान हलवली. माइक दिला तर दोन तास बोलणारा मी, तिच्या लेकराचं टोपरं सारखं करत बसलो. कारण खरं असं आहे, पुंजा, की दिगूकाका नसता तर ते लग्न मोडायलाच आलं नसतं. हे मी तुला सहा वर्षांत सांगितलं नाही. रोज सोबत चहा प्यायलो आणि सांगितलं नाही. आता सांगतो. तुझ्या पद्धतीनं सांगतो, हातभर तर हातभर.

सुरुवात एका टोमॅटोपासून झाली. पिकअपमध्ये कॅरेट भरून झाले होते, मागचा लोखंडी फाळका उघडा होता. एक टोमॅटो खाली घरंगळला. दुसरा कोणी सोडून दिला असता. तू वाकून उचललास आणि सरळ उभा राहिलास, तो थेट फाळक्याच्या कोपऱ्यावर. रक्त नाही, खोक नाही. नुसता खाली बसलास आणि मला विचारलंस, "कॅरेट किती झाले?" मी सांगितलं, चाळीस. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलंस. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मी साठ सांगून पाहिलं, तेव्हाही तू मान हलवलीस. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. एकदा ओकलास. त्याच गाडीत माल उतरवून तुला बसवलं आणि बुलढाण्याला नेलं.

स्कॅन चांगला निघाला. डोक्याला सौम्य मार आहे, काही दिवस आराम करा, त्रास झाला तर परत या, असं तिथं सांगितलं. तू दीड दिवस आराम केलास. आणि स्कॅनची ती काळी फिल्म घरोघर दाखवलीस, दहावीचं प्रमाणपत्र दाखवावं तशी. तीच पुढं तुला नडली. महिनाभरानं तू म्हणायला लागलास, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार येतो, कानात मोटर सुरू होते, घाम सुटतो. लोक म्हणायचे, "पुंजाजी, फोटो तं चांगला हाये ना डोक्याचा?" फोटो चांगला म्हणजे डोकं चांगलं. डोकं चांगलं म्हणजे माणूस नाटक करतो.

आणि आपल्या गावात माणसाला दिवसातून उभं किती वेळा राहावं लागतं, हे तुझ्यामुळं मला कळलं. ओट्यावर म्हातारं माणूस आलं, उठा. सरपंच आले, उठा. मयतीला गेलं की सरण पेटल्यावर तिघांची भाषणं, मग दोन मिनिटं मौन, तेही उन्हात. एका मयतीत तू पहिल्याच मिनिटाला मटकन खाली बसलास. त्या घरचे लोक अजून बोलतात, आमच्या बापासाठी याला दोन मिनिटं जड झाली.

आपण सगळे डॉक्टरच. चक्कर आली म्हणजे बीपी वाढला, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कमलवहिनींनी तुझ्या ताटातलं मीठ बंद केलं. बिनमिठाचं वरण तू असं खायचास जसं कोणी शिक्षा वाचून दाखवतंय. आणि मी काय केलं, तर माझ्या पाकिटातल्या बीपीच्या गोळ्या तुला दिल्या. "मले चालते, तुलेबी चालन." सकाळी एक. कंपाउंडरकडे खुर्चीवर बसून मोजला की बीपी चांगला. मी छाती काढून म्हणायचो, पाहा, माझी गोळी लागू पडली. आणि तू खुर्चीवरून उठलास की दाराची चौकट धरायचास.

अशात रेखाला पाहायला सुलतानपूरचे पाहुणे आले. मुलगा चांगला होता, रेखाला आवडला होता, ते तिनं वहिनींना आधीच सांगून ठेवलं होतं. भर दुपार, पत्र्याचं छप्पर, तुझं नुकतंच जेवण झालेलं. तू बाजेवर बसलेला. नामदेवराव, मुलाचे वडील, आत आले तसा तू ताडकन उठलास, हात जोडलेस, "या, या" म्हणालास, आणि पांढरा पडलास. नामदेवराव तोवर बाजेवर टेकले होते. तू मागं बसलास तो थेट त्यांच्या मांडीवर.

पुंजा, यात मी काहीही वाढवलेलं नाही. तू बसलास. पाणी आणेपर्यंत बसून राहिलास. नामदेवरावांनी तुला दोन्ही हातांनी धरलं होतं, लेकराला धरावं तसं, आणि ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मुलाच्या आईनं, सुभद्राबाईंनी, नाकाला पदर लावला. त्यांना दारूचा संशय आला होता, हे मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

मला समजलं ते एवढंच की, देवानं मला आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट फुकट दिली आहे.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडजवळच्या हॉटेलात माझे प्रयोग सुरू झाले. मी पुंजाजी व्हायचो. उठायचो, डोळे वर, हात भिंत शोधतोय, तोंडानं "या, या", आणि मग जो कोणी बाकावर असेल त्याच्या मांडीवर. लोक चहा सांडायचे. एक वाक्य तर असं जमलं होतं की दोनदा म्हणायला लावायचे: "पुंजाजी उभा राहिला की आधी भिंत शोधते, मंग पाहुना." तिथं एक अनोळखी माणूस होता, पांढरी टोपी, बशीतून चहा. सगळ्यात जास्त तोच हसला. मग हळूच म्हणाला, "हे पुंजाजी घेतेत काय हो थोडीशी?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. तू घेत नाहीस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत. हळदीच्या दिवशी लोक पातेल्यामागं जातात तेव्हा तू भाजी हलवत बसायचास. पण समोर माणूस हसत होता, पुंजा. मी डोळा मिचकावला आणि म्हणालो, "आता दिवसा घेत असन असं मी तं म्हनत नाही." हॉटेल कोसळलं.

तो मुलाचा मामा होता. आपल्याकडे मुलगी पाहून गेल्यावर कोणीतरी गुपचूप येऊन हॉटेलात चौकशी करतं, हे मी स्वतः माइकवरून शंभर वेळा लोकांना सांगितलं आहे, जपून बोला म्हणून.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. मी तुझ्या ओट्यावरच होतो. "पोरगी चांगली हाये," तो म्हणाला, "पन बाप घेते असं आयकलं त्याहिनं. म्हनतात, तो उभा राह्यला की आधी भिंत शोधते, मंग पाहुना."

माझं वाक्य. शब्द न शब्द. मी ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

तू चिडला नाहीस. मध्यस्थ गेल्यावर तू माझ्याकडे वळून म्हणालास, "दिग्या, मी घेत नाही. तुले तं मालूम हाये ना बे?" आत रेखा भांडी घासत होती, तो आवाज थांबला. मी म्हणालो, "मले मालूम हाये." आणि पुढचं वाक्य गिळलं. ते आजवर गिळलेलंच होतं.

दुसऱ्या सकाळी मी तुला आणि वहिनींना एसटीत घातलं आणि मीही चढलो. चिखलीला गाडी बदलल्यावर जागा दिली नाही कोणी, तर तू सरळ खाली, दोन सीटांच्या मध्ये बसलास. कंडक्टर म्हणाला, "काका, उभं राहा, मानसं चढून राह्यली." वहिनी म्हणाल्या, "हे उभे राह्यले तं तुमालेच उचला लागन." बुलढाण्यापर्यंत त्यानं तुझ्या डोक्यावरून तिकिटं दिली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सगळं ऐकून घेतलं, फाळका, ओकारी, पुन्हापुन्हा विचारलेले कॅरेट. मग तुला टेबलावर झोपवलं. पाच मिनिटं काही केलं नाही, नुसतं झोपवलं. मोजला, एकशे अठ्ठावीस. "आता उभे राहा. मी धरलंय." पहिल्या मिनिटाला एकशे आठ. तिसऱ्या मिनिटाला अठ्ठ्याऐंशी, आणि तुझे ओठ पिठासारखे.

"याआधी उभं करून कोणी मोजला होता?"

"नाही बाई," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीवर बसवतात ना."

मग त्यांनी समजावलं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या नसा लगेच मेंदूला खबर देतात, मेंदू रक्तवाहिन्या आवळतो, ठोके थोडे वाढवतो, आणि दाब सावरतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डोक्याला साधा मार लागला तरी काही जणांत ही खबर-बात काही आठवडे, काही महिने बिघडते. काम होतं, पण उशिरा किंवा अपुरं. ऊन असलं, पोट भरलेलं असलं, की आणखी वाईट.

"पन फोटो तं चांगला होता," मी म्हणालो.

"फोटोत मोडलेलं दिसतं, साकळलेलं रक्त दिसतं. उशीर दिसत नाही."

तू टेबलावर पडल्या पडल्या विचार करत होतास. मग म्हणालास, "म्हंजे मोटर चांगली, पाइपबी चांगला. ऑटो बिघडला." बाई माझ्याकडे पाहायला लागल्या. मी सांगितलं, शेतातल्या मोटरला एक डबी असते, लाइट आली की ती मोटर आपोआप चालू करते. बाई हसल्या. "अगदी तेच," म्हणाल्या. "आणि हा ऑटो बहुतेक वेळा हळूहळू सुधारतो."

मग औषधं विचारली. वहिनींनी पिशवीतून माझ्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "दाब आधीच घसरतोय आणि वर ही गोळी? कोणी दिली?" तू हात लांब करून माझ्याकडे दाखवलंस. मी भिंतीवरच्या काळजाच्या चित्राचा अभ्यास सुरू केला. मीठ परत सुरू झालं, पाणी भरपूर, उठताना आधी काठावर बसायचं, पोटऱ्या आवळायच्या, उन्हात एका जागी उभं राहायचं नाही. घरी मोजायला मशीन घ्या, म्हणाल्या.

आणि तू, अठ्ठ्याऐंशीवर आलेला माणूस, आनंदानं फुलला होतास. "मंग मी खोटा नाही ना, बाई?"

"खोटं कोण म्हणालं तुम्हाला?"

तू खिडकीकडे पाहिलंस. माझ्याकडे पाहिलं नाहीस, पुंजा. सहा वर्षं मी त्यावर विचार करतोय. हॉटेल काही तुझ्या शेतापासून शंभर कोस नव्हतं. माझी नक्कल सगळ्या गावानं पाहिली होती, एखाद्यानं तुला सांगितलीही असेल. तुला माहीत होतं का? माहीत असून तू लेकीला माझं नाव सांगत राहिलास का? जसं झालं तसं सांगणारा माणूस तू, आणि एवढी एकच गोष्ट वाढवून सांगितलीस, ती माझ्या बाजूनं. की तुला खरंच काही माहीत नव्हतं? हे विचारायला मला रोज सकाळी एक संधी होती. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटली.

पुढं सगळं चांगलं झालं. वर्षाच्या आत तुझा ऑटो सुधारला. पण मी जी चूक निस्तरायला निघालो होतो, ती निस्तरली गेली एका दुपारी, सुलतानपूरला, आणि तिथं श्रेय माझं नाही, हेही तुला सांगायचं राहिलं.

मशीन घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मी तुला घेऊन नामदेवरावांच्या दारात उभा राहिलो. कल्पना माझी. तू म्हणालास, "दिग्या, सोयरीक करायले मशीन घेऊन कोनी जाते काय बे?" मी म्हणालो, कागद दाखवला तर म्हणतील लिहून आणला. डोळ्यांनी पाहू दे.

त्यांनी बसायला सांगितलं. सुभद्राबाई दारात उभ्या राहिल्या, चहाचं विचारलं नाही. नामदेवराव आदबीनं बोलत होते, "पाहुने" म्हणत होते. सोयरीक पक्की झाल्याशिवाय आपल्याकडे त्याच्यापुढचा शब्द, इवाई म्हणजे व्याही, कोणी तोंडातून काढत नाही, आणि इथं तर मोडली होती. कोपऱ्यात पांढरी टोपी बसली होती. मामा. त्यानं मला ओळखलं. "तुमी तं ते हॉटेलातले..." त्यानं सुरुवात केली आणि मी आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी बोललो नसेन तसा बोललो, "मंडळी, जवळ या, आधी झोपलेला बीपी." मामानं माझं तोंड पाहिलं आणि गप्प बसला. त्याचे ते उपकार आहेत.

तुला त्यांच्याच बाजेवर झोपवलं. शेजारचे चार जण दारात जमले. पट्टा दंडाला बांधला. मशीन घुर्र करू लागलं. मी आकडा जाहीर केला, "एकशे चोवीस." सगळ्यांनी माना हलवल्या, जणू त्यांचाच होता. मग तुला काठावर बसवलं, मग उभं केलं. बाईंनी बजावलं होतं, उभं करताना बाजूला माणूस पाहिजे. तो माणूस मी होतो. पण समोर श्रोते होते, पुंजा. मी मशीन हातात घेऊन त्यांच्याकडे वळलो. "आता पाहा, मंडळी. घेनाऱ्या मानसाचा बीपी असा पायऱ्या उतरल्यासारखा उतरत नाही. पहिलं मिनिट, एकशे दोन." आवाज झाला, अरे बापरे. मला मांडव भरल्यासारखं वाटलं. "दुसरं मिनिट." मशीन घुर्र करत होतं, मी आकड्याकडे पाहत होतो, मामा आकड्याकडे, नामदेवराव आकड्याकडे, दारातले चौघं आकड्याकडे. तुझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. तुझा हात हवेत भिंत शोधत होता, आणि भिंत दूर होती.

पाहिलं ते एकट्या सुभद्राबाईंनी. नाकाला पदर लावणाऱ्या, निरोप पाठवायला लावणाऱ्या त्याच. त्या दारातून धावल्या, मला बाजूला ढकललं आणि नवऱ्यावर ओरडल्या, "अवो, आकडे काय पाहून राह्यले, धरा ना त्याहिले, इवाई हायेत ते आपले."